पातेऱ्यावरचा दगड

माघ सरत आला की आमच्या दारातला बदाम अंगावरचं सगळं टाकून देतो. देशी बदाम. पानं आधी लाल होतात, मग एकेक करून खाली येतात, हाताच्या पंजापेक्षा मोठी. सिमेंटच्या अंगणावर पडताना आवाज करतात. सून खिडकीत उभी राहून म्हणते, "किती छान दिसतंय ना आई." मला त्यात छान काही दिसत नाही. मला झाडायचं दिसतं.

थोरला मुलगा आश्रमशाळेत मास्तर आहे. त्यानं जव्हारला घर बांधलं आणि मी पाड्यावरून इथं आले, त्यालाही आता दोन-अडीच वर्षं झाली. सकाळी नगरपालिकेची घंटागाडी येते. तिच्यावर गाणं लावलेलं असतं, रोज तेच. आता त्यांनी नवीन काढलं आहे, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा आणि झाडाचा पाला वेगळा. पाला नेतात, मोठ्या खड्ड्यात कुजवतात आणि खत करतात. घरोघर कागद वाटला होता. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं वाचता येतं. पाला जाळू नका, पाला म्हणजे सोनं, असं त्यात लिहिलं होतं. मला हसू आलं. पाला काय असतो हे आता आम्हाला कागदावर सांगतात.

परवा मी अंगण झाडलं, फाटकाशी ढीग केला आणि वारा होता म्हणून ढिगावर एक दगड ठेवून आत गेले. गाडी आली, गाणं वाजलं, गाडी गेली. शेजाऱ्यांचे ढीग नेले. आमचा तसाच.

"आई, आपलाच पाला कसा ठेवला हो त्यांनी?" सून म्हणाली. "तक्रार करू का?"

"थांब. उद्या मी विचारते."

का ठेवला असेल याची मला शंका आली होती. पण इतक्या वर्षांनी, डांबरी रस्त्यावर, गाडीवरच्या कुठल्या बाईला ती खूण कळेल असं वाटलं नव्हतं. त्या दुपारी डाळ निवडायला घेतली आणि खडे डाळीत, डाळ कचऱ्यात असं करून बसले.

माझं माहेर सूर्यमाळचं. तिथं उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, पण पाला हवा तेवढा. गळून पडलेल्या पाल्याला आम्ही पातेरा म्हणतो. पातेरा झाडायला बायका सकाळीच रानात जायच्या. खराट्यानं झाडाखाली ढीग करायचे आणि जुन्या लुगड्यात बांधून डोक्यावरून आणायचे. एका दिवसात सगळं आणणं होत नाही. मग ढीग रानातच राहायचा, चार दिवस, आठ दिवस. त्यावर एक दगड ठेवायचा आणि दगडाखाली एक हिरवी डहाळी. म्हणजे हा कोणाचा तरी आहे. त्याला कोणी हात लावत नसे. गुराखीसुद्धा शेरडं बाजूनं न्यायचा.

आई दगड निवडायची तो पेरूएवढा. मी एकदा जोर दाखवायला मोठा धोंडा उचलून आणला.

"तो ठेव खाली," आई म्हणाली. "एवढा मोठा ठेवलास तर लोकांना चोर म्हटल्यागत होतं."

"मग लहान तर कोणी पण उचलंल."

"उचलंल ना. म्हणून तर लहान ठेवायचा."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. दुसरं सांगितलं ते कळलं. दगड ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा.

पातेरा लागायचा कशाला, ते सांगायला हवं, कारण माझ्या नातवंडांनाही आता माहीत नाही. भाताचं आणि नागलीचं रोप जिथं करायचं, ती जागा पावसाआधी भाजून घ्यायची. त्याला राब म्हणतात. खाली शेण पसरायचं, त्यावर बारीक फांद्या, त्यावर पातेरा, त्यावर गवत आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. मग वारा ज्या बाजूला जातोय त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या उलटी, हळूहळू सरकते. राब भडकला तर वाया, धुमसला पाहिजे. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख राहते. पाऊस लागला की त्या राखेत बी टाकायचं. राब चांगला तर रोप चांगलं, रोप चांगलं तर भात. भात नसेल तर माघ-फाल्गुनापासून रानातले कंद उकडून खायचे. एवढं सरळ आहे ते.

पाल्यापाल्यात फरक असतो. सागाचं पान ताटाएवढं दिसतं, पण भुर्रकन जळतं, माणूस नुसता दिसायला मोठा असतो तसं. आंब्याचं बरं. बांबूचं हातात शिरतं. फणसाचं सगळ्यात चांगलं, जाड, चिवट, दम धरून जळणारं. उन्हात तापलेल्या पातेऱ्याला भाकरी भाजल्यासारखा वास येतो आणि ढिगाच्या तळाशी ओल असते, तिथं विंचू. मला दोनदा चावले. गाठोडं डोक्यावर घेतलं की ते कपाळावर येतं आणि पुढचं काही दिसत नाही, फक्त आपले पाय दिसतात. लोक तरुणपणीचे डोंगर आणि आभाळ आठवतात. मला पाऊलभर रस्ता आठवतो, पण तो पक्का आठवतो. कुठं खडक, कुठं मुळी, कुठं ठेच.

थोरला सातवीत होता ते वर्ष. वावर-वांगणीकडची पोरं भुकेनं गेली त्याला चार-पाच वर्षं झाली होती. साहेब लोकांच्या गाड्या येऊन गेल्या होत्या, पण आयांच्या पोटातली भीती काही गेली नव्हती. आमचा पाडा जव्हारपासून तासाभराच्या वाटेवर. माझे मालक भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलेले. बहुतेक घरांतले पुरुष असेच गेलेले. राहिलो बायका आणि म्हातारे.

फाल्गुनात मोहाची फुलं पडतात. ती नीट दिसावीत म्हणून काही लोक झाडाखालचा पातेरा पेटवून देतात. त्या वर्षी कोणाची तरी आग हातची सुटली. कोणाची ते पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही. तीन दिवस डोंगर जळत होता. चौथ्या दिवशी आम्ही वर गेलो. सगळं काळं. आमचे ढीग जळून गेले होते आणि त्यांच्यावरचे खुणेचे दगड तेवढे राखेत बसलेले होते, जिथल्या तिथं. माझे पाच होते. मी मोजले आणि खाली आले. रडायचं वगैरे कोणाला सुचलं नाही. राब कशाचा करायचा, हे सुचत नव्हतं.

वाट काढली ती जनीनं. जनी माझी शेजारीण. तिचा राब आणि माझा राब, मध्ये एक बांध.

"भागी, जव्हारला जाऊ," ती म्हणाली. "तिथं दारोदार आंबा-फणस हाय. लोक संध्याकाळी पाला जाळतात, मच्छर जावं म्हणून."

"ते देतील आपल्याला?"

"अंगण झाडून दिल्यावर नाय कशाला म्हणतील?"

अशा आम्ही दोघी शहरात अंगणं झाडायला लागलो. दाम काही नाही. झाडून देतो, पाला आमचा. लोकांना आधी संशय यायचा. फुकट झाडते म्हणजे काहीतरी उचलायलाच आली असणार. एक म्हातारे मास्तर खुर्ची टाकून माझ्यावर लक्ष ठेवून बसायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "ह्या पाल्याचं तू करतेस काय?"

"जाळते."

"मग मीही जाळतोच की!"

"तुम्ही वाया जाळता," मी म्हटलं. त्यानंतर ते खुर्ची आत घेऊन गेले.

आम्ही आळ्या वाटून घेतल्या. वरची माझी, खालची जनीची. खालच्या आळीत कचेरीतल्या एका कारकुनाचं घर होतं, दोन फणस आणि एक आंबा. बायको कुमुदवहिनी. ती जनीला चहा द्यायची. कप वेगळा, खिडकीत ठेवलेला, पिऊन झाल्यावर आपणच धुवायचा. तेव्हा सगळीकडं तसंच होतं. जनी म्हणायची, "चहा तर तोच हाय ना." जनीचा मोठा ढीग त्या अंगणात होता. एका खेपेत नेता येईना, म्हणून तिनं त्यावर दगड ठेवला, खाली करवंदीची डहाळी, आणि खोडाळ्याला बहिणीच्या बाळंतपणाला गेली, दोन दिवसांसाठी. वहिनीला काही सांगितलं नाही. सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. खूण ठेवली म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिकडून चालले होते.

"ए पालेवाली, इकडं ये गं जरा." कुमुदवहिनी पायरीवर उभी होती, पदर घट्ट धरून. "ते बघ. ढिगावर दगड. आणि खाली हिरवी डहाळी, काटेरी. काल सकाळी नव्हतं. आज मंगळवार, परवा अमावस्या, आणि ह्यांचं तीन दिवस पोट बिघडलंय."

मी पाहिलं. लालसर, चपटा, मधून पांढरी रेघ. जनीचा दगड मी कुठंही ओळखला असता. मला एवढंच म्हणायचं होतं, जनीचा आहे.

माझ्या राबाला तीन गाठोडी पाला कमी होता. तो ढीग नेमका तीन गाठोड्यांचा होता, आणि फणसाचा.

"कोणी केलं असेल गं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"तू हात लावशील? घाबरत नाहीस?"

"लावते की."

वहिनी आत गेली आणि नारळ घेऊन आली. हातात दिला नाही, पायरीवर ठेवला. "सात वेळा ओवाळ. मग तो आणि हे सगळं घेऊन जा, नारळ तिठ्यावर फोड. मागं वळून बघू नकोस."

मी सात वेळा ओवाळला. तोंड गंभीर करून ओवाळला. जनीचा दगड उचलून कुंपणाबाहेर फेकला. पाला तीन खेपांत नेला. नारळ तिठ्यावर फोडला नाही. करणी नव्हती हे मला ठाऊक होतं, मग चांगला नारळ रस्त्यावर कशाला घालवायचा? घरी नेला. आमच्या डोंगरात नारळ कुठला? पोरांनी चटणी केली तरी खाल्ली, नुसतं खोबरं दिलं तरी खाल्लं. करवंटी अखंड निघाली, ती घासून दारातल्या रांजणावर ठेवली, पाणी प्यायला. मागं वळून मात्र बघितलं नाही. वहिनीचं तेवढं पाळलं.

चोरी करताना माणसाला चोरी केल्यासारखं वाटत नाही, हे मी तेव्हा शिकले. घरमालकीण म्हणाली उचल, मी उचललं. तिचं अंगण, तिचा फणस. सगळं कसं बरोबर बसतं.

खोडाळ्याहून परतल्यावर जनी सकाळीच जव्हारला गेली आणि दुपारी परत आली. माझ्या दारापुढूनच वाट. खांद्यावर लुगडं होतं, रिकामं. उन्हानं तोंड तांबडं झालेलं. "पाणी दे," म्हणाली, आणि मी उठायच्या आत तिनं स्वतःच रांजणावरची करवंटी घेतली. पाणी प्याली. मग करवंटी उलटसुलट करून बघितली, आतून बाहेरून. रांजणावर ठेवली आणि गेली. त्यानंतर पाण्याला जाताना मला हाक मारायची बंद झाली.

त्या चैत्रात आमचे राब शेजारी शेजारी भाजले. माझा धुमसला तो दोन दिवस, निळा धूर, फणसाच्या पाल्याचा गोडसर वास, माती वरून तडकत गेली. आजही कोणी पाला जाळला आणि तो वास आला की मी कामातून थांबते. बरं वाटतं म्हणून नाही. त्या वासामागून बांधापलीकडचा जनीचा राब दिसतो. तिचा माझ्या निम्मासुद्धा नव्हता. पाला नव्हता म्हणून तिनं घरावरचं जुनं गवत ओढून काढलं होतं आणि ते पसरलं होतं. गवत भसकन पेटलं आणि घटकेत संपलं. ती काठी घेऊन विझलेल्या राखेशी उभी होती. मी इकडं, ती तिकडं. बोहाड्याचे दिवस होते, गावात सोंगं निघायची होती, सगळे त्याच गडबडीत. आम्ही दोघी आपापल्या धुरात.

पाऊस लागला. माझं रोप हातभर वाढलं, हिरवंकच्च. जनीचं पिवळं, विरळ, तणात बुडालेलं. आवणी लागली, म्हणजे भात लावायचे दिवस आले, आणि माझी खाचरं भरून रोप उरलं. जनीचा खालचा मोठा तुकडा नुसता पाणी भरून पडला होता. मी रोपाच्या जुड्या बांधल्या आणि तिच्या दारात गेले. छपरावरचं गवत काढल्यामुळं घर गळत होतं. जमिनीवर पातेली ठेवलेली, प्रत्येकाचा आवाज वेगळा.

"काय गे?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"रोप उरलंय. तुझ्या खालच्या तुकड्याला होईल."

"उरलंय?"

"हं."

"माझ्या पातेऱ्यावर वाढलं आणि तुला उरलं."

"ती वहिनी म्हणाली उचल, म्हणून—"

"तिला नाय कळत. तुला कळत होतं." मग ती पातेल्यातलं पाणी दारातून बाहेर ओतत म्हणाली, "नारळ गोड होता का?"

मी दारातलं भरलेलं पातेलं तिच्याकडं सरकवलं.

"मी गेले तर ती मूठभर मीठ घेऊन दारात. अंगणात पाय टाकू देईना. भुताळी म्हणाली मला. आळीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. मी सांगायला गेले, ही आमची खूण असते, तर म्हणते, मग दुसरी बाई तसं का नाय बोलली?"

तो शब्द शहरात नुसती शिवी असेल. आमच्याकडं तसं नाही. पाड्यावर एखाद्या बाईला भुताळी म्हटलं की तिचं पाणी बंद होतं, पोरांची लग्नं मोडतात, कोणाचं वासरू मेलं तरी लोक तिच्या दाराकडं बघतात. जनीच्या दोन मुली लग्नाच्या होत्या.

"शहरातलं बाजारात येतं," जनी म्हणाली, "आणि बाजारातलं पाड्यावर येतं. अजून आलं नाय. येईल. रोप नको मला. आधी जा, तिला सांग. मग रोप आण."

"आवणी चाललीय जनी. पाऊस बघ. चार दिवसांनी बाजाराला जाईन तेव्हा—"

"उपटलेलं रोप दोन दिवस पाण्यात राहतं. तो शब्द नाय राहत."

मी जुड्या तिच्या ओहोळात ठेवल्या आणि खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर घेऊन निघाले. वाटभर मी जनीला शिव्या देत होते. तासाभराच्या वाटेला दोन तास लागले. जव्हारला पोचल्यावर एक नारळ घेतला आणि वहिनीच्या पायरीवर उभी राहिले, गुडघ्यापर्यंत चिखल.

"वहिनी, हा तुमचा नारळ."

"कसला नारळ?"

"तिठ्यावर फोडायचा होता तो. फोडला नाही. खाल्ला."

ती एक पाऊल मागं सरली. "अगं बाई! आणि तुला काही झालं नाही?"

"चटणी झाली."

मग सगळं सांगितलं. दगड म्हणजे काय, डहाळी कशाला, कोणाचा होता, मला माहीत होतं की नव्हतं. माहीत होतं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकली.

"म्हणजे नुसती नावाची पाटी लावल्यासारखं?"

"तसंच."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"पाला पाहिजे होता."

पागोळ्या पडत होत्या. "मी त्या बाईला काय काय बोलले," असं वहिनी म्हणायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "ते मला नका सांगू. तिला सांगा. आणि आळीला सांगा." वहिनीनं आळीला सांगितलं, आणि तिनं एकदा सांगायला घेतलं की जव्हारच्या दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागत नसे. ज्या वाटेनं तो शब्द पाड्यावर यायचा होता, त्याच वाटेनं त्याच्या पुढं ही गोष्ट आली. लोक हसले. मला हसले. नारळखाऊ म्हणत होते दोन वर्षं. हसणं परवडलं.

त्या दिवशी निघताना वहिनीनं तो नारळ मला परत दिला. या वेळी पायरीवर ठेवला नाही. "हा तिला दे," म्हणाली. "आणि वाटेत खाऊ नकोस."

जनीनं नारळ कानाशी धरून हलवला, उंबऱ्यावर आपटून फोडला आणि अर्धा मला दिला. म्हणाली, "चल, उजेड हाय तवर." मग आम्ही तिचा खालचा तुकडा लावला, अंधार पडेपर्यंत. माफी वगैरे कोणी मागितली नाही. कमरेत वाकून रोप लावताना माणसाला तोंड वर करून बोलता येत नाही, आणि ते बरंच आहे.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी मिळून त्या अंगणात गेलो. ढीग आधीच झाडून ठेवलेला, आणि वर भलामोठा दगड, त्याला हळदकुंकू लावलेलं. वहिनीनं स्वतः ठेवला होता. खात्री म्हणून हळदकुंकू.

"आता हा उचलायचा का पुजायचा?" जनी मला हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, "वहिनी, एवढा मोठा नको ठेवू. लोकांना चोर म्हटल्यागत होतं." आणि माझ्याकडं बघून, "हिला वाईट वाटतं."

मला आईचं ते बोलणं तेव्हा कुठं कळलं, चाळिशी ओलांडल्यावर. दगड जड असता तर मी तो उचललाच नसता, आणि त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. हलका होता म्हणून उचलला, आणि हलका होता म्हणूनच तो उचलायला नको होता.

सात-आठ वर्षं आम्ही त्या आळीतला पाला नेला. चहाचा कप वेगळाच राहिला. शेवटच्या दोन वर्षांत खिडकीतून ओट्यावर आला, एवढंच. मग वहिनीचे मालक निवृत्त झाले, ते नाशिकला गेले, नव्या लोकांनी फणस तोडून गाडी लावायला जागा केली. माझा धाकटा शेती करतो, तो आता राब भाजत नाही. पिशवीतलं खत आणतो. रोप बरं येतं त्याचं. मी नावं ठेवत नाही. कोणाच्या डोक्यावर गाठोडं नाही, हे चांगलंच आहे. फक्त माघ-फाल्गुनात हात रिकामे वाटतात, आणि पाला पडताना दिसला की मनात आपोआप हिशेब होतो, हा एक गाठोडं, हा दीड.

जनी तीन वर्षांपूर्वी गेली. मरेपर्यंत माझ्या घरी पाणी प्यायची ते त्या करवंटीनंच. घरात स्टीलचे पेले आले तरी. पाहुण्यांच्या देखत मुद्दाम मागायची, "माझा तो नारळाचा पेला दे गे." मी द्यायची. जव्हारला आले तेव्हा करवंटी घेऊन आले. सून विचारते, ही कशाला? मी सांगते, असू दे.

काल सकाळी मी फाटकातच उभी राहिले. गाणं वाजवत गाडी आली. मागं उभी असलेली बाई तिशीची असेल, तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे. तिनं शेजारचा ढीग गोणीत भरला, आमच्या ढिगाकडं बघितलं आणि पुढं चालली.

"काय गे," मी म्हटलं, "माझा पाला कालपासून का ठेवतेस?"

"आजी, त्यावर दगड हाय ना."

"वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवला."

"ते मला काय ठाऊक."

"कुठली तू?"

"सूर्यमाळच्या वरल्या पाड्यावरची."

"गाडीवाला ओरडला नाही तुला?"

"ओरडला ना. म्हटला, दगडाला काय घाबरतेस? मी म्हटलं, घाबरत नाय. कोणाचा तरी हाय म्हणून ठेवला."

सून दारात येऊन उभी होती. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "बरं, ने आता. माझाच आहे. मला नको."

"मग दगड उचला."

"तूच काढ की. तुझा हात तिथंच आहे."

"मी कशी काढू?" ती म्हणाली, जरा वैतागूनच, एवढं साधं या म्हातारीला कसं कळत नाही म्हणून. "मी थोडाच ठेवलाय."

मी खाली वाकले. गुडघे वाजले. दगड उचलला. पेरूएवढाच होता, हलका. तिनं दोन्ही हातांनी पाला गोणीत कोंबला, गोणी गाडीत टाकली, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

"आई, टाका ना तो दगड आता," सून म्हणाली.

टाकला नाही. फाटकाच्या खांबावर ठेवला. वर बदामाला अजून निम्मी पानं आहेत.